सुट्टी की खाडा?

(नेकनूर येथे प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयकांनी केलेले भाषण)



आज वसुलीचा विषय घ्यायच्या आधी अध्यक्षताईंनी मला थोडा वेळ दिलाय. मी जत्रेबद्दल बोलणार आहे. हसू नका, विषय गटाचाच आहे.

५ नोव्हेंबरला कार्तिक पौर्णिमा होती. गुरुनानक जयंतीची सुट्टी, म्हणून शाळा बंद, बँक बंद. एका गटातल्या ११ जणी आणि मी नेकनूरहून कपिलधारला गेलो. मन्मथस्वामींच्या समाधीला त्या दिवशी मराठवाड्यातून, कर्नाटकातून दिंड्या येतात, हे तुम्हाला मी काय सांगावं! तुम्ही लहानपणापासून जाताय. मीच पहिल्यांदा गेले.

जायचं ठरलं तेव्हा एकीनं विचारलं, "मॅडम, कामून चाललोत आपण? मिटिंग हाय का तिथं?" मी म्हटलं, "नाही, नुसतं फिरायला." त्यावर कुणी काहीच बोललं नाही. मग दुसरी हळूच म्हणाली, "घरी मात्र मिटिंगच सांगू." आणि ११ पैकी ७ जणींनी तसंच सांगितलं. सकाळी एका ताईच्या आत्याबाईंचा मला फोन आला, "खरंच मिटिंग हाय का?" मी "हो" म्हणाले.

तायांनो, ते माझं चुकलं. गावोगाव मी तुम्हाला हिशोब खरा लिहा म्हणून सांगते आणि तिथं मीच खोटं बोलले. उद्या खरंच मिटिंग असेल तेव्हा त्या आत्याबाईंनी विश्वास का ठेवावा?

एसटीत बायांना अर्धं तिकीट, त्यामुळे मांजरसुंब्यापर्यंत स्वस्तात गेलो, पुढं काळी-पिवळीनं. आमच्यात एक आपा होती. ती म्हणाली, "दर्शन तुम्ही घ्या, चपला मी सांभाळते. बांगड्यांच्या दुकानात मात्र मी पुढं." तसंच झालं. भजी खाल्ली, रेवड्या घेतल्या. प्रत्येकीनं २०० रुपये आणले होते. परत येताना मी विचारलं, कुणी काय घेतलं? लेकराला गाडी, नातीला फुगा, आत्याबाईला प्रसाद. स्वतःसाठी फक्त तिघींनी बांगड्या भरल्या होत्या, त्यातली एक आपा.

पाळण्याजवळ एक ताई उभीच राहिली. चाळिशीच्या आत-बाहेरची असेल. म्हणाली, "दरवर्षी येते, पण मी खालीच असते. पोरं वर, पिशव्या माझ्याकडं." त्या दिवशी पिशव्या मी धरल्या. ती वर गेली, आधी डोळे मिटले, मग उघडले आणि वरूनच आम्हाला हाका मारायला लागली. खाली उतरल्यावर म्हणाली, "शुक्रवारी टोळी निघतीय. आता पाच-सहा महिने सुट्टी नाही. तिथं एक दिवस बसलं की खाडा, अन् खाड्याचे पैसे कापतेत."

हे ऐकून मी गप्प झाले. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडते, फेडायची मात्र दोघांनी. अंग दुखलं, पाळी आली, लेकरू तापलं, तरी खाडाच. आणि घरी असतानाही आपण तेच करतो. एक दिवस स्वतःसाठी काढला की मनातल्या मनात खाडा मांडतो. त्या ११ जणी पहाटे चारला उठून स्वयंपाक करूनच निघाल्या होत्या, आणि सांच्याला परत येऊन भाकरी त्यांनीच थापल्या. तरी वाटेत चौघी म्हणाल्या, "आज लई वेळ वाया गेला."

वेळ वाया गेला नाही. टोळीला निघणाऱ्या त्या ताईनं बचत कशी भरायची, पासबुक कुणाकडं ठेवायचं, हे त्याच दिवशी काळी-पिवळीत ठरवलं. आपल्या मिटिंगमध्ये ती वर्षभर तोंड उघडत नव्हती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. प्रत्येक गटानं वर्षातला एक दिवस सुट्टीचा ठरवावा आणि तो इतिवृत्तात लिहावा, म्हणजे घरी दाखवता येईल. त्यासाठी बचतीपासून वेगळे महिन्याला १० रुपये टाकले तर वर्षाला १२० होतात. जत्रेला पुरतात. टोळीला जाणाऱ्या तायांना धरून दिवस ठरवा, त्या गेल्यावर नको. आणि घरी खरं सांगा. पहिल्या वर्षी बोलणी खावी लागतील.

मी सुरुवात केली आहे. परवा त्या आत्याबाईंना भेटून सांगितलं, "त्या दिवशी मिटिंग नव्हती, जत्रेला गेलो होतो." त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला कामून नाही नेलं?"

पुढच्या वर्षी त्यांना नेणार आहोत. आता वसुलीचं रजिस्टर काढा.