फिलिपाईन्समधील पुढारी आणि त्यांचें दप्तर

मॅगसेसे हें नांव मराठी घरांना अपरिचित नाहीं. विनोबाजींना १९५८ सालीं, चिंतामणराव देशमुखांना १९५९ सालीं आणि बाबा आमट्यांना १९८५ सालीं ज्या गृहस्थांच्या नांवाचें पारितोषिक मिळालें, ते रामोन मॅगसेसे हे फिलिपाईन्सचे अध्यक्ष होते. १९५३ च्या डिसेंबरांत अधिकारावर येतांच त्यांनीं पहिला हुकूम काढला, तो लोकांच्या तक्रारी ऐकण्यासाठीं एक समिति नेमण्याचा. खेड्यांतील शेतकऱ्यालाही नाममात्र दरांत आपलें गाऱ्हाणें तारेनें थेट अध्यक्षांच्या कचेरीकडे पाठवितां येई. १९५७ च्या मार्चमध्यें विमानाच्या अपघातांत ते गेले. परंतु त्यांच्या कारकीर्दींत, १९५५ सालीं, झालेला एक कायदा मागें राहिला. त्या कायद्याविषयीं, आणि त्याच्या पाठोपाठ आलेल्या एका साध्या कागदाविषयीं, आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

कायद्याचा आशय असा. सरकारी अधिकाऱ्याची मालमत्ता त्याच्या पगाराच्या व इतर सनदशीर मिळकतीच्या मानानें उघड उघड बेसुमार दिसली, तर ती गैरमार्गानें मिळविलेली आहे असें गृहीत धरावें. आणि ती तशी नाहीं हें दाखविण्याचा भार त्याच्यावरच टाकावा. परंतु मालमत्ता किती आहे हें कळावें कसें? म्हणून १९६० च्या दुसऱ्या कायद्यानें अधिकाऱ्यांनीं स्वतःच शपथेवर आपल्या मालमत्तेचें व कर्जाचें पत्रक भरून द्यावें असें ठरविलें. १९८७ च्या राज्यघटनेनें त्यापुढें पाऊल टाकलें. अध्यक्ष, मंत्री, कायदेमंडळाचे सभासद, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश, वरिष्ठ सेनाधिकारी यांचीं पत्रकें लोकांना पाहावयास मिळालीं पाहिजेत असें तिनें स्पष्ट म्हटलें, आणि त्याची रीत १९८९ च्या कायद्यानें घालून दिली. दर वर्षीं ३० एप्रिलच्या आंत हें पत्रक द्यावयाचें. जमीन, घर, मोटार, दागिने, बँकेंतील रोकड, धंद्यांतील भागीदारी, कर्ज, सरकारी नोकरींत असलेले नातेवाईक, असा सारा तपशील त्यांत आला पाहिजे. पत्नीची किंवा पतीची आणि घरांतील अज्ञान मुलांची मालमत्ताही आलीच. दिल्यापासून कामकाजाचे दहा दिवस लोटले, कीं त्याची नक्कल माफक फी भरून मागतां यावी, अशी तरतूद आहे. आपण त्याला मत्तापत्रक म्हणूं.

एकट्या वर्षाच्या मत्तापत्रकाला फारसा अर्थ नसतो. शाळेंत एकाच चाचणी परीक्षेच्या गुणांवरून मुलाची पारख होत नाहीं, तसेंच हें. पांच वर्षांचीं पत्रकें एकाखालीं एक मांडलीं, आणि शेजारीं जमिनीच्या नोंदी व कंपन्यांचीं नोंदणीपत्रें ठेविलीं, म्हणजे माणूस दिसूं लागतो. शिवाय यांत एक मोठी खुबी आहे. लांच घेतली हें सिद्ध करणें फार कठीण. देणारा बोलत नाहीं, घेणारा तर नाहींच नाहीं. परंतु शपथेवर लिहून दिलेल्या कागदांत अमुक घर लिहिलेलें नाहीं, एवढें दाखविण्यास कोणा साक्षीदाराची गरज नसते.

आतां फर्डिनंड मार्कोस यांचें उदाहरण घ्या. ते १९६५ सालीं निवडून आले आणि १९८६ पर्यंत सत्ता सोडीनात. १९७२ सालीं तर त्यांनीं लष्करी कायदाच पुकारला. त्यांच्या मोठेपणाचा पाया म्हणजे दुसऱ्या महायुद्धांतील पराक्रम. जपान्यांविरुद्ध 'महार्लिका' नांवाची गनिमी फौज आपण उभारली, आणि त्याबद्दल आपणांस तीसएक पदकें मिळालीं, असें ते सांगत. पाठ्यपुस्तकांत, चित्रपटांत, निवडणुकीच्या फलकांवर हीच कथा. १९८२ सालीं 'वुई फोरम' नांवाच्या एका लहानशा वृत्तपत्रानें या पदकांची छाननी करणारी लेखमाला छापली. डिसेंबरांत त्या पत्राच्या कचेरीला टाळें लागलें, आणि संपादक होसे बुर्गोस यांना अटक झाली. पदकें खरीं असतीं, तर तीं दाखवून प्रश्न मिटला असता. टाळ्याची जरुरी पडली नसती!

पण ज्याला टाळें लावतां येत नाहीं असें एक दप्तर दूर वॉशिंग्टनमध्यें पडून होतें. युद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्यानें निरनिराळ्या गनिमी तुकड्यांचे दावे तपासले होते, आणि मार्कोस यांच्या फौजेचा दावा बनावट ठरवून फेटाळला होता. तीं कागदपत्रें अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत जवळजवळ चाळीस वर्षें होतीं. इतिहासकार आल्फ्रेड मॅकॉय यांच्या तीं हातीं लागलीं, आणि १९८६ च्या जानेवारींत, ऐन निवडणुकीच्या तोंडावर, 'न्यूयॉर्क टाईम्स'नें तो मजकूर छापला. पुढच्याच महिन्यांत मार्कोस देश सोडून गेले. कागदामुळें ते गेले असें मी म्हणत नाहीं. लाखो लोक मनिलाच्या रस्त्यांवर उतरले होते, सैन्य फुटलें होतें. पण पुण्याईचा जो आव होता तो त्या जुन्या फायलीनें उतरविला, हें खरें.

त्यांच्या मिळकतीचा हिशेब तर अंकगणिताच्या पुस्तकांत घालावा असा आहे. नव्या सरकारनें २८ फेब्रुवारी १९८६ रोजीं होविटो सालोंगा यांच्या अध्यक्षतेखालीं मार्कोस घराण्याची संपत्ति शोधण्यासाठीं एक आयोग नेमला. मार्कोस पतिपत्नींनीं १९६८ सालीं झुरिकच्या एका बँकेंत 'विल्यम सॉण्डर्स' आणि 'जेन रायन' अशा बनावट नांवांनीं खातीं उघडल्याचे कागद सांपडले. स्वित्झर्लंडमधील अशा ठेवींचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि जुलै २००३ मध्यें न्यायालयानें काय केलें? अध्यक्षांचा पगार वर्षाला ६०,००० पेसो, पुढें १९७७ पासून १,००,०००. पत्नीचा मंत्रिपदाचा पगार ७५,०००. वर्षांनीं गुणाकार केला, बेरीज केली, डॉलरांत फिरविली. ती झाली ३,०४,३७२ डॉलर. आणि ठेवी व्याजासह ६५ कोटि ८१ लक्षांवर. म्हणजे दोन हजार एकशें साठपट! जेवणखाण, कपडालत्ता, कशावर पैही न खर्चितां या जोडप्यानें सारा पगार शिल्लक टाकला असता, तरी व्याजाची गोष्ट सोडल्यास एवढी रक्कम जमण्यास चाळीस हजारांहून अधिक वर्षें लागलीं असतीं. ठेवी सरकारजमा झाल्या, त्या १९५५ च्या कायद्यान्वयें. मॅगसेसे यांचा कायदा अठ्ठेचाळीस वर्षांनीं असा उपयोगी पडला.

येथवर सरकारनें केलेला शोध सांगितला. त्याहून मला अधिक कौतुक वाटतें तें खासगी माणसांनीं केलेल्या शोधाचें. १९८९ सालीं नऊ पत्रकारांनीं मिळून शोधपत्रकारितेची एक संस्था मनिलांत काढली. जोसेफ एस्त्रादा हे लोकप्रिय सिनेनट १९९८ सालीं अध्यक्ष झाले, तेव्हां शीला कोरोनेल या बाईंच्या नेतृत्वाखालीं संस्थेनें त्यांचीं मत्तापत्रकें बाहेर काढलीं. मग ही मंडळी कंपन्यांच्या नोंदणीकचेरींत जाऊन बसली. अध्यक्ष, त्यांचीं निरनिराळीं कुटुंबें आणि मुलें यांचीं नांवें संस्थापक वा संचालक म्हणून असलेल्या ६६ कंपन्यांचीं कागदपत्रें त्यांना मिळालीं. मत्तापत्रकांत मात्र मोजक्याच भागीदाऱ्यांचा उल्लेख. पुढें त्यांनीं घरें धुंडाळलीं. त्यांतील एका वाड्यांत कृत्रिम लाटांचा तलाव आणि बोराकाय बेटावरून आणलेली पांढरी वाळू असल्याचें वृत्त आलें, आणि लोक त्या वाड्याला 'बोराकाय'च म्हणूं लागले. असल्या कामांत धाडसापेक्षां चिकाटी अधिक लागते.

त्याच वर्षाच्या, म्हणजे २००० च्या अखेरीस, एस्त्रादा यांच्यावर महाभियोग चालला. १६ जानेवारी २००१ रोजीं बँकेचे कागद असलेला एक लखोटा फोडावा कीं नाहीं यावर सिनेटांत मतें घेतलीं. अकरा विरुद्ध दहा मतांनीं लखोटा बंदच ठेवावा असें ठरलें. लोक हें सारें दूरचित्रवाणीवर पाहत होते. त्याच रात्रीं ते रस्त्यावर आले, आणि चार दिवसांनीं अध्यक्षांना राजवाडा सोडावा लागला. लखोटा न फोडल्यानें जें झालें, तें कदाचित् फोडल्यानें झालें नसतें. २००७ च्या सप्टेंबरांत खास न्यायालयानें त्यांना दोषी ठरविलें. ऑक्टोबरांत त्यांना माफी मिळाली. आणि २०१३ सालीं मनिलाच्या मतदारांनीं त्यांना महापौर म्हणून निवडून दिलें! दप्तर चोख असलें म्हणजे सारें झालें असें मानणाऱ्यांनीं हा क्रम ध्यानांत ठेवावा. मार्कोस यांचेंही तसेंच. २०१६ सालीं राष्ट्रीय इतिहास आयोगानें त्यांच्या युद्धकथेंतील असत्यें साधार दाखविलीं, तरी त्याच वर्षीं नोव्हेंबरांत वीरांच्या दफनभूमींत त्यांचें दफन झालें. त्यांचे चिरंजीव २०२२ सालीं अध्यक्ष झाले. चिरंजीवांच्या ऑक्सफर्डच्या पदवीचाही वाद होताच. विद्यापीठानें खुलासा केला, कीं त्यांना पदवी नव्हे, १९७८ सालीं सामाजिक शास्त्रांतील एक विशेष पदविका मिळाली होती. मतदारांना तें वाचून फारसें कांहीं वाटलें नाहीं. घराणेशाहीला बंदी करणारें कलम १९८७ च्या घटनेंत आहे. पण तिची व्याख्या कायद्यानें करावी असें त्यांतच म्हटलें आहे, आणि २०२५ संपेपर्यंत तो कायदा कांहीं झाला नव्हता. कायदा करावयाचा कोणीं? त्याच घराण्यांतील सभासदांनीं!

मत्तापत्रकाच्या शस्त्राला दोन धारा आहेत हेंही सांगितलें पाहिजे. १९९७ सालीं दावाओकडील एका न्यायालयांत दुभाष्याचें काम करणाऱ्या बाईंनीं बाजारांतील आपला एक गाळा पत्रकांत दाखविला नाहीं, म्हणून त्यांना नोकरींतून काढलें. मग सरन्यायाधीशाला निराळा न्याय कां? २०१२ सालीं सरन्यायाधीश रेनातो कोरोना यांनीं सिनेटापुढें आपल्या नांवें २४ लक्ष डॉलर आणि ८ कोटि पेसो असल्याचें कबूल केलें. परकी चलनाच्या ठेवी कायद्यानें गुप्त असतात, हा त्यांचा बचाव. वीस विरुद्ध तीन मतांनीं त्यांना पदच्युत केलें. येथवर ठीक. परंतु २०१८ सालीं त्यांच्या नंतरच्या सरन्यायाधीश मारिया लूर्दिस सेरेनो यांना आठ विरुद्ध सहा मतांनीं त्यांच्याच सहकारी न्यायाधीशांनीं घालविलें, तें कशासाठीं? पूर्वीं त्या विद्यापीठांत शिकवीत असतांना कांहीं वर्षांचीं पत्रकें त्यांनीं भरलीं नाहींत म्हणून. त्या वेळच्या अध्यक्षांना त्या अप्रिय होत्या, ही गोष्ट जगजाहीर होती. त्या कागदाचा उद्देश हा नव्हता, असें माझें मत आहे.

मग २०२० च्या सप्टेंबरांत लोकपालांनीं एक फर्मान काढलें. ज्या अधिकाऱ्याचें मत्तापत्रक पाहावयाचें, त्याचेंच नोटरीसमोर केलेलें संमतिपत्र आणावें! मुलाचे गुण वडिलांना दाखवावयाचे, तर आधीं मुलाची लेखी परवानगी घ्या, असें म्हणण्यासारखें हें झालें. दप्तर होतें तसेंच राहिलें, दारें तेवढीं लागलीं.

आतां थोडें कर्तबगारीबद्दल. पुढाऱ्याची मिळकत पाहिली, तशी त्याची कामगिरीही पाहावी लागते, आणि तेथें तर लबाडीला मोकळें रान. बसची वाट पाहावयाची शेड, बास्केटबॉलचें मैदान, पूल, रुग्णवाहिका, सर्वांवर नामदारांचें नांव आणि हंसरी छबी. पैसा मात्र करदात्यांचा. अशा मिरवण्याला तिकडे 'एपाल' असा खास बोलींतला शब्द आहे. फलकावरून काम ओळखूं नये, हिशेबतपासनिसाच्या अहवालावरून ओळखावें. सिनेटच्या प्रत्येक सभासदास वर्षाला २० कोटि आणि खालच्या सभागृहाच्या सभासदास ७ कोटि पेसो विकासकामांसाठीं मिळत. २०१३ च्या ऑगस्टमध्यें लेखापरीक्षण आयोगानें २००७ ते २००९ या वर्षांचा अहवाल काढला, तेव्हां त्यांतील पुष्कळसा पैसा नांवापुरत्या धर्मादाय संस्थांत जिरल्याचें उघड झालें. नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें तो निधिच घटनाबाह्य ठरविला, आणि पुढच्या वर्षीं तिघां सिनेटरांना अटक झाली.

ताजी हकीकत २०२५ ची आहे. जुलै २०२२ ते मे २०२५ या काळांत पूरनियंत्रणाचीं ९,८५५ कामें झाल्याची नोंद होती. खर्च ५४,५०० कोटि पेसोंवर. तरी गांवें बुडतच होतीं. ऑगस्टमध्यें सरकारनें कामांची यादी, जागा व कंत्राटदारांचीं नांवें जाहीर केलीं, आणि नागरिकांनीं आपापल्या नदीकांठीं जाऊन पाहावें असें सांगितलें. सुमारें एक पंचमांश पैसा पंधराच कंत्राटदारांकडे गेल्याचें दिसलें. बुलाकान प्रांतांतील बालिवाग येथें अध्यक्ष स्वतः गेले. कागदावर साडेपांच कोटि पेसोंची भिंत शंभर टक्के पूर्ण; नदीवर भिंतच नाहीं. २१ सप्टेंबरला, लष्करी कायद्याच्या स्मरणदिनीं, हजारो लोक मनिलाच्या रस्त्यांवर उतरले. आणि ऑक्टोबरांत नव्या लोकपालांनीं २०२० चा निर्बंध उठविला. घराचे पत्ते, लहान मुलांचीं नांवें असा खासगी मजकूर झांकून मत्तापत्रकें पुन्हां मागणाऱ्याला देण्याचें ठरलें.