लेक आणायला गेलेले प्रवासी



प्रवासवर्णनाचे व्याख्यान आपल्याला नवे नाही. परंतु आज ज्या प्रवाशांविषयी आम्ही बोलणार आहोत, ते स्थळे पाहण्यासाठी घराबाहेर पडलेच नव्हते. ते निघाले होते मूल आणायला. स्थळदर्शन त्यांच्या वाट्याला आले ते सरकारी कागदांच्या कृपेने.

चीनने १९९१ साली दत्तकाचा कायदा केला. तो १९९२ च्या एप्रिलपासून अमलात आला आणि परदेशीयांना चिनी मुले दत्तक घेण्याची वाट मोकळी झाली. पुढे दीड लाखाहून अधिक मुले देशाबाहेर गेली. त्यांतील ८०,००० वर एकट्या अमेरिकेत. त्यांत मुलीच फार. एका कुटुंबास एकच मूल हा दंडक २०१५ पर्यंत चालला, आणि एकच व्हायचे तर तो मुलगा असावा ही वासना काही चीनचीच मिरास नव्हे. आपल्याकडेही १९५६ चा कायदा होईपर्यंत दत्तकविधान म्हणजे साधारणपणे पुत्राचेच! मूल टाकणे हा तिथे गुन्हा. म्हणून आईबाप पहाटे कुठे बाजारात, कुठे स्थानकावर, कुठे एखाद्या दारापाशी गाठोडे ठेवीत आणि नाव न सांगता निघून जात.

अमेरिकन जोडपे प्रथम त्या त्या प्रांताच्या राजधानीत जाई. तिथे मूल हाती पडे. मग मुलाच्या पासपोर्टासाठी आठवडाभर खोळंबा, आणि पुढे ग्वांगजौ, म्हणजे आपल्या जुन्या भूगोलातले कँटन; कारण या मुलांचा व्हिसा फक्त तिथल्या अमेरिकन वकिलातीतून मिळे. डॉक्टरांची तपासणी, फोटो, उजवा हात वर करून शपथ. दोन कामांच्या मधले दिवस रिकामे. मग करायचे काय? बाबागाडी घ्यायची आणि गाव पाहायचे.

पर्ल नदीच्या काठी शामियान नावाचे चिमुकले बेट आहे. दुसऱ्या अफूयुद्धानंतर इंग्रज-फ्रेंचांनी ते बळकावले आणि वडांच्या सावलीत आपले बंगले बांधले. तिथेच १९८३ साली व्हाईट स्वान हॉटेल उघडले, आणि वकिलात शेजारी असल्याने ते बाबागाड्यांनी भरून गेले. तिथल्या लाल कोचावर रेशमी झबली घातलेल्या मुली ओळीने बसवून फोटो काढण्याचा प्रघातच पडला. निम्म्या मुली त्यात रडताना दिसतात. दुकानांतून आया पुढच्या वर्षांच्या मापाचे रेशमी कपडे घेऊन ठेवीत, मुलीच्या चिनी नावाचा दगडी शिक्का कोरून घेत. ही खरेदी हौसेची खरी, पण नुसती हौसेची नव्हे. जिला आज काही कळत नाही, तिच्यासाठी एक अख्खा देश पेटीत भरून न्यायचा होता.

सहा वडांच्या मंदिरात ही मंडळी मुलींना घेऊन जात आणि ग्वानयिन देवीपुढे भिक्षू आशीर्वाद देत. ही ग्वानयिन म्हणजे मूळचा आपला अवलोकितेश्वर! कान्हेरी आणि औरंगाबादच्या लेण्यांत तो संकटांतून सोडविणारा पुरुष आहे. चीनमध्ये जाता जाता तो स्त्री झाला, लेकरे देणारी माउली झाला. घर बदलले की देवाचेही रूप पालटते.

रस्त्यात म्हाताऱ्या चिनी आज्या या गोऱ्या आयांना अडवीत आणि पोरीचे पाय उघडे का, म्हणून खडसावीत. भर उकाड्यातसुद्धा! कानटोपीसाठी भांडणारी आजी ज्यांच्या घरी आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. कुणी खुणेने म्हणे, मोठी नशीबवान पोर. आईबाप उत्तर देत, नशीबवान आम्ही.

पण खरी प्रवासी ती पोर होती. दहा-बारा महिन्यांचा जीव. तिने असला चेहरा, असली दाढी, असला वास कधी अनुभवला नव्हता. संस्थेतली दाई एका सकाळी कायमची दिसेनाशी झाली. काही मुली दिवसचे दिवस रडत. काही अगदी गप्प बसत, आणि नवखे आईबाप म्हणत, किती गुणी आहे! तो गुण नव्हता, शोक होता. कोमट दुधाला तोंड फिरवणारी पोर तांदळाची ऊन पेज मात्र घटाघटा पिई. तेवढीच एक ओळखीची वस्तू उरलेली असे.

आता आमचे मत. मुलीच्या कागदात ती कुठे, कोणत्या तारखेला सापडली हे लिहिलेले असे. काही कुटुंबे त्या जागी जाऊन आली. पुष्कळ गेली नाहीत. कुणाला ते दूर पडले, कुणाला परवानगी मिळाली नाही, कुणाला धीर झाला नाही. सगळ्या शामियानपेक्षा तो एक तास मोलाचा होता, असे आम्हांस वाटते. अर्थात तो कागदही खरा असेलच असे नाही. हुनान प्रांतातील काही अनाथगृहांनी पैसे मोजून मुले घेतल्याचे २००५ साली उघड झाले, आणि पुढच्या वर्षी त्यापायी माणसे तुरुंगात गेली.

२०२० साली महामारीमुळे हे जाणे-येणे थांबले. ज्यांना मूल ठरवून दिले होते अशी शेकडो घरे फोटो पाहत वाट बघत राहिली. ५ सप्टेंबर २०२४ रोजी चीनच्या परराष्ट्र खात्याने ही प्रथा बंद झाल्याचे सांगितले. जवळच्या नात्यातल्या मुलांपुरती आणि सावत्र मुलांपुरती सवलत ठेवली. लाल कोचावरल्या पोरी आता विशी-तिशीच्या झाल्या आहेत. त्यांतल्या काही परत येतात, कागदात लिहिलेल्या गावी जातात आणि भिंतींवर पत्रके चिकटवतात. पत्रकावर तान्हेपणीचा फोटो असतो, सापडल्याची तारीख आणि जागा असते, आणि खाली चिनी अक्षरांत दूरध्वनीचा क्रमांक कुणाचा ते लिहिलेले असते.