टायर घासतोय, पण कुठे?

(रौप्यमहोत्सवी वर्षात आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये एका सभासदाने केलेले भाषण. बोलले तसेच, थोडेफार नीट करून छापले आहे.)



मला भाषणाची सवय नाही. पस्तीस वर्षं गाड्यांखाली काढली, तिथे समोर फक्त इंजिनाचा चेंबर असतो आणि तो उलट प्रश्न विचारत नाही. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, डॉक्टर रक्तदाबावर बोलले, बँकेतल्या मॅडम ठेवींवर बोलल्या, आता तुम्ही गाडीवर बोला. गाडी म्हणजे महाभारत. मी त्यातला एकच प्रसंग घेतो : पुढचं एक चाक जागेवरून सरकणं आणि टायर घासणं. हाच का? तर यात मी स्वतः चुकलोय. ज्यांच्या बाबतीत चुकलो ते बी विंगमधले सर समोरच बसलेत. त्यांना विचारूनच सांगतोय.

२५ वर्षांपूर्वी आपल्या पार्किंगमध्ये चार स्कूटर आणि एक मारुती ८०० होती. आता गाडी लावायला जागा नाही आणि त्यावरून दर सभेला काय होतं, तो विषय आज नको. गाड्या वाढल्या, पण रस्ते आपलेच राहिले. एका अंगाला वरंध, एका अंगाला कशेडी, पोलादपूरहून वर चढलं की आंबेनळी. कशेडीला बोगदा झाला खरा, पण हायवेचं काम इतकी वर्षं चाललं की आपल्या मुलांना खड्डे चुकवतच गाडी शिकावी लागली. आणि आपल्या पावसात खड्डा पाण्याने भरला की तो वीतभर आहे का हातभर, हे चाक आत गेल्यावरच कळतं.

सरांचं तसंच झालं. पावसाळ्यात डावं चाक दणकन खड्ड्यात गेलं. टायर फुटला नाही, रिम वाकली नाही. सरांनी शहाणपणा केला, लगेच अलाइनमेंट करून घेतलं. तरी आठवड्याभरात मला म्हणाले, "काका, गेटमधून उजवीकडे वळताना डाव्या चाकातून खरखर येते. आणि गाडी जरा डावीकडे जाते." मी वाकून पाहिलं. चाकावरच्या प्लॅस्टिकच्या लायनरची एक क्लिप तुटली होती, लायनर लोंबत होता. मी तारेने बांधला आणि म्हटलं, "काही नाही सर, लायनर होता. आणि रस्त्याला डावीकडे उतार असतोच, गाडी जाणारच." पाच मिनिटांत काम संपलं. चहासुद्धा घेतला.

पुढच्या रविवारी सर, वहिनी, सरांच्या आई आणि दोन मुलं महाबळेश्वरला गेले. संध्याकाळी उतरताना कुंभरोशीजवळून फोन, रबर जळल्याचा वास येतोय. मी गेलो. बॅटरी मारून पाहिलं तर डाव्या टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून बाजू सुरू होते तिथे, गोल चीर पडलेली आणि आतले धागे दिसत होते. लायनर झिजून आरपार गेला होता आणि त्यामागच्या पत्र्याच्या कडेने टायर कापत आणला होता. खाली अख्खा घाट उतरायचा बाकी होता. सगळ्यांना माझ्या गाडीत घेतलं, त्यांची गाडी दुसऱ्या दिवशी टेम्पोवर चढवून आणली. आजी वाटेत एवढंच म्हणाल्या, "देवाने वास दिला म्हणायचा." मी काहीच बोललो नाही.

माझी चूक काय झाली? तुटलेली क्लिप खरी होती. एक दोष सापडला आणि मी शोधणं थांबवलं. क्लिप का तुटली, हे विचारलंच नाही.

आता आतली रचना थोडक्यात. आजच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे मॅकफर्सन पद्धतीचा शॉकअप असतो. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९४० च्या दशकात ही रचना काढली, आपल्याकडे १९८३ साली आलेल्या मारुती ८०० लाही तीच होती. यात चाक वरून शॉकअपने धरलेलं असतं आणि खालून लोअर आर्मने. हा आर्म इंजिनाखालच्या क्रॉस मेंबरला रबरी बुशांनी जोडलेला असतो. चाक खड्ड्याच्या काठावर आपटलं की धक्का मागच्या दिशेने बसतो. आर्म वाकतो, बुश फाटतो किंवा क्रॉस मेंबर किंचित सरकतो, आणि चाक सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर मागे जातं. बाहेरून पटकन दिसत नाही. पण उजवीकडे पूर्ण स्टेअरिंग वळवलं की डाव्या चाकाची मागची कड बाहेर येते आणि मडगार्डच्या मागच्या कोपऱ्याला लागते. म्हणून वळतो उजवीकडे आणि आवाज डावीकडून. सर बरोबर सांगत होते, ऐकणारा मी कच्चा होतो.

मग घरच्या घरी काय पाहायचं? पहिली गोष्ट खडू. टायरच्या दोन्ही कडांना खडू फासा, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवत गाडी हळू पुढे-मागे घ्या. लायनरवर खडू जिथे उमटेल ती घासायची जागा. खूण मागच्या बाजूला असेल तर चाक मागे गेल्याचा संशय. पुढच्या बाजूला असेल तर बहुधा बंपर किंवा लायनर सुटलाय. वर असेल तर स्प्रिंग बसलीय किंवा तुटलीय, नाहीतर डिकीत तांदळाची पोती आहेत. आणि दोन्ही चाकांना सारखीच खूण असेल तर टायरचं माप तपासा. कंपनीने १६५ दिलंय आणि कुणी हौसेने १८५ चढवला, तर टायर २० मिलीमीटर रुंद झाला, म्हणजे आतल्या बाजूला १० मिलीमीटर गेला. तिथे काही वाकलेलं नसतं, फक्त हौस वाकडी असते.

लायनरच खरा गुन्हेगार, असंही होतं बरं का. २०२१ च्या जुलैच्या पुरानंतर मी कितीतरी गाड्यांच्या लायनरमागून घमेलंभर वाळलेला गाळ काढला. त्या वजनाने लायनर खाली येऊन टायरला टेकायचा. गाळ काढला, क्लिपा बदलल्या, संपलं. पण दोन्ही बाजूंचं माप सारखं आहे हे पाहिल्याशिवाय तसं म्हणायचं नाही.

ते माप कसं घ्यायचं, हे महत्त्वाचं. मडगार्डची कड आणि टायर यातली फट पाहून निकाल देऊ नका. मडगार्ड ठोकून बसवलेला असतो, तो खोटं बोलतो. पंपाच्या खोलीपुढे आपला कोबा सपाट आहे. तिथे स्टेअरिंग सरळ ठेवून गाडी उभी करा. गवंड्याचा ओळंबा घ्या आणि चारही चाकांच्या मध्यापासून खाली सोडून जमिनीवर खडूने खुणा करा. दारांखाली जॅक लावायच्या ज्या पक्क्या जागा असतात, त्यांच्याही खुणा करा. मग गाडी पुढे काढा. जमिनीवर गाडीची पत्रिका मांडलेली दिसेल. डावीकडचं पुढच्या-मागच्या चाकाचं अंतर मोजा, उजवीकडचं मोजा. चार-पाच मिलीमीटरचा फरक मोजण्यातच येतो. दहा-पंधरा आला तर काहीतरी सरकलंय. पुढचं का मागचं, हे जॅकच्या खुणेपासून मोजलं की कळतं.

(गंमत म्हणून सांगतो, फ्रान्सच्या जुन्या रेनो ४ गाडीत दोन्ही बाजूंचं हे अंतर मुद्दामच जवळजवळ पाच सेंटिमीटरने वेगळं होतं, मागच्या सस्पेन्शनच्या दांड्या एकामागे एक बसवल्यामुळे. पण आपल्या पार्किंगमध्ये रेनो ४ नाही.)

सरांच्या गाडीत डावीकडे १७ मिलीमीटर कमी भरलं.

यानंतर मी त्यांना अलाइनमेंटचा कागद मागितला. तो गाडीच्या खणात तसाच घडी करून होता. टो हिरव्यात. डाव्या चाकाचा कास्टर लाल. बहुतेक लहान गाड्यांत अलाइनमेंटवाला फक्त टो फिरवू शकतो, कास्टरला तिथे स्क्रूच नसतो. टो हिरवा झाला की गाडी बाहेर. लाल आकडा सांगत होता की चाक मागे गेलंय, आणि कास्टर कमी झाला की गाडी त्याच बाजूला ओढते. रस्त्याचा उतार मी उगाच बदनाम केला. तेव्हा कागद मागून घ्या, आणि लाल आकडा दिसला तर "हा का?" असं विचारा. ताईंनो, तुम्हीही विचारा. गाडी चालवता तुम्ही आणि गॅरेजवाला बोलतो तुमच्या मिस्टरांशी, हे मी पुष्कळ पाहिलंय.

दुरुस्तीबद्दल दोनच गोष्टी. वाकलेला आर्म तापवून, ठोकून सरळ करून घेऊ नका, पैसे वाचतात पण लोखंडाची ताकद गेलेली असते. नवा घाला. आणि नव्या आर्मच्या बुशांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. चाक लटकतं ठेवून आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मग अलाइनमेंट. आधी नाही.

आणि मुलांनो, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. मीसुद्धा जात नाही.

सरांना नवा आर्म आणि दोन टायर बसवले. परत ओळंबा सोडला तर फरक ३ मिलीमीटर. मजुरी मी घेतली नाही, सरांनी बळेच आंब्याची पेटी आणून दिली, तो हिशोब आमच्यात अजून चालू आहे.

तो जुना आर्म मी आज आणलाय. त्या टेबलावर नव्या आर्मशेजारी ठेवलाय, दोन्ही पुसून. खाली वहिनींनी चहा ठेवलाय. तो घेता घेता हातात धरून बघा आणि वाकलेला कुठला ते मला सांगा. मघाशी कमिटीतल्या तिघांना विचारलं, दोघांनी नवा दाखवला.