टाक्याकाठचा मुक्काम

मे महिन्यात गडावर मुक्कामाला जायचं ठरलं की तंबू, शिधा सगळं नंतर. जाणता माणूस आधी विचारतो, ‘टाक्यात पाणी आहे का?’ आज मी त्या टाक्याबद्दलच बोलणार आहे.

आपल्या गडांवरची टाकी कातळात खोदलेली. पावसाळ्यात ती भरतात आणि पुढचे सात-आठ महिने बहुतेकांना तेवढ्याच पाण्यावर काढायचे असतात. नदीतली घाण निदान पुढे वाहून जाते, टाक्याला तशी वाट नाही. डिसेंबरात कुणी तिथे खरकटी भांडी विसळली, तर ते तेल नि तो साबण पुढच्या पावसापर्यंत तिथेच राहणार आणि पाणी आटेल तसा दाट होत जाणार. तेच पाणी गुराखी पितो, रात्री भेकर पितं.

कॉलेजात असताना आम्हीही टाक्याच्या पायरीवर बसून पातेली घासली आहेत. एकदा एक म्हातारी हंडा घेऊन आली, आमच्याकडे बघत थोडा वेळ उभी राहिली आणि रिकाम्या हंड्यानिशी परत फिरली. बोलली काहीच नाही. ते मला आजही सलतं.

आता ‘निसर्गस्नेही’ साबण मिळतो. पण तो कुजायला मातीतले जिवाणू लागतात. थेट पाण्यात गेला, तर बेडकांच्या पिल्लांना तो इतर साबणासारखाच. म्हणून पाणी भांड्यात घ्या, टाक्यापासून 200 फूट, म्हणजे साधारण 70 पावलं, लांब जा, तिथे भांडी धुवा आणि सांडपाणी मातीवर शिंपडा. शौचालाही तेवढंच अंतर, आणि 6 ते 8 इंच खोल खड्डा करून वर माती ओढायची. कोकणकड्यासारख्या उघड्या कातळावर खणायला मातीच नसते, तेव्हा तिथून मागे सरून माती असलेली जागा शोधायची. वापरलेला कागद पिशवीत घालून खाली आणायचा. ऐकायला किळस वाटते, पण पहिल्या पावसात तो टाक्यात उतरला तर?

शेकोटीवरून माझा तरुण मित्रांशी नेहमी वाद होतो. चुलीसाठी दगड उचलले, की त्याखालचे विंचू, पाली, सरडे बेघर होतात. वाळकं लाकूड म्हणजे वाळवीचं, भुंगेऱ्यांचं घर, आणि गावच्या बाईच्या डोक्यावरची मोळीही तेच. लेण्यात पेटवलेल्या जाळाची काजळी कोरीव दगडावर बसते, ती काही पुसली जात नाही. छोटा गॅस न्या. त्याहून सोपं म्हणजे पायथ्याच्या पाचनई किंवा खिरेश्वरसारख्या गावात एखाद्या घरी पिठलं-भाकरी खा आणि ओसरीवरच पथारी टाका. पैसेही गावात राहतात.

आता थोड्याच दिवसांत भंडारदऱ्याला, राजमाचीला काजव्यांसाठी झुंबड उडेल. काजव्याची अळी कितीतरी महिने ओलसर मातीत, पालापाचोळ्यात गोगलगायी खाऊन वाढते. पंख फुटल्यावर त्याच्या हाती उरतात जेमतेम काही आठवडे, आणि तेवढ्यात नर-मादीला एकमेकांना शोधायचं असतं, तेही उजेडाच्या खुणांनी. आपल्या विजेरीच्या झोतात त्या खुणा विरून जातात. झाडाखालच्या पाचोळ्यावर तंबू ठोकला, तर खालच्या अळ्या चिरडतात.

तेव्हा जाणार असाल, तर गाडी गावातच ठेवा. विजेरीला लाल कागद लावा आणि ती पायांपाशीच धरा. मळलेल्या वाटेवर उभे राहा, मोबाइल खिशात जाऊ दे. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं लागतात. मग समोरचा हिरडा फांदीफांदीनं उजळायला लागेल.