सभागृहाचे नकाशे आणि नवी आज्ञावली
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



इमारत उपसमितीच्या वतीने चार शब्द सांगण्याची कामगिरी आमच्यावर सोपविण्यात आली आहे. विषय रुक्ष आहे, पण प्रश्न आपल्या पैशाचा आहे. आपल्या नियोजित सभागृहाचे नकाशे ऑटोकॅड या संगणकीय आज्ञावलीत, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, काढले जात आहेत. मंडळाकडे असलेली तिची आवृत्ती २०१४ क्रमांकाची आहे. ती कालबाह्य झाली, नवी घ्यावी, असा आपल्या तरुण मंडळींचा आग्रह आहे. घरोघरच्या दानातून जमलेला पौंड विटा आणि सिमेंट सोडून अन्यत्र जाता कामा नये, असे ज्येष्ठांचे म्हणणे आहे. या वादात एका डॉक्टराने का पडावे, असे कोणीही विचारील. उपसमितीत वास्तुविशारद एकच, आणि ती आपल्यातीलच एक कन्या. स्वतःच्या हत्यारासाठी स्वतःच पैसे मागणे तिला प्रशस्त वाटले नाही. म्हणून तिची बाजू, ज्येष्ठांची बाजू आणि उपसमितीचा निर्णय, तिन्ही गोष्टी मांडण्याचे काम आमच्याकडे आले.

प्रथम एक बदल ध्यानात घ्यावा लागेल. पूर्वी अशी आज्ञावली एकदा विकत घेतली की तिचा परवाना कायमचा आपला होत असे. ऑटोकॅडच्या निर्मात्या ऑटोडेस्क कंपनीने २०१६ साली नवे कायमचे परवाने विकणे थांबविले. आता महिन्याची, वर्षाची किंवा तीन वर्षांची वर्गणी भरावयाची. वर्गणी थांबली की आज्ञावलीही थांबते. वर्गणी मागण्याचा आपल्याला दांडगा अनुभव आहे. भरण्याचा, खजिनदारांची वही पाहता, जरा कमी. आमची २०१४ ची प्रत मात्र कायमच्या परवान्याची आहे. म्हणजे प्रश्न जुने देऊन नवे घेण्याचा नसून, मालकीच्या घरात राहत असताना दुसरे घर भाड्याने घ्यावे काय, असा आहे.

वैद्यकीच्या व्यवसायात आम्हाला अशा प्रश्नाची सवय आहे. या देशात नव्याने बाजारात आलेल्या औषधाच्या नावापुढे उलटा काळा त्रिकोण छापलेला असतो. या औषधावर अद्याप विशेष लक्ष ठेवले जात आहे, एवढाच त्याचा अर्थ. रोफेकॉक्सिब नावाचे वेदनाशामक १९९९ साली मोठ्या गाजावाजाने आले, जुन्या गोळ्यांपेक्षा पोटाला सौम्य म्हणून नावाजले गेले, आणि हृदयविकाराचा धोका दिसून आल्यावर सप्टेंबर २००४ मध्ये मागे घेतले गेले. म्हणून नवे सारे वाईट असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणारा डॉक्टर रुग्णांच्या जिवावर उठेल. नवे औषध देण्यास लक्षण हवे, नुसते नवेपण पुरत नाही, एवढेच आमचे म्हणणे. नकाशांच्या जगातही हे जुनेच आहे. ऑटोकॅडची तेरावी आवृत्ती १९९४ साली आली, तेव्हा तिच्यातील दोषांना कंटाळून अनेक कचेऱ्या बाराव्या आवृत्तीवरच राहिल्या आणि १९९७ साली चौदावी आल्यावर एकदम तिकडे गेल्या. त्यांना कोणी मागासलेले म्हटले नाही.

मग आमच्यापुढे लक्षण कोणते? एक खरे लक्षण आहे, आणि ते ज्येष्ठांनी हसण्यावारी नेऊ नये. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तुळयांचा नकाशा आला, तो आमच्या संगणकावर उघडेना. कारण असे की ऑटोकॅडचे नकाशे ज्या साच्यात साठविले जातात, तो डीडब्ल्यूजी नावाचा साचा कंपनी काही वर्षांनी बदलते. २०१३ क्रमांकाच्या आवृत्तीबरोबर एक साचा आला, २०१८ बरोबर दुसरा. नवी आवृत्ती जुना साचा वाचते, जुनीला नवा वाचता येत नाही. परंतु यावर औषध आहे आणि ते फुकट आहे. इंजिनिअरला नकाशा जुन्या साच्यात साठवून पाठविण्याची विनंती करता येते. त्याच्या आज्ञावलीत तशी सोय असते. शिवाय त्याच कंपनीची ट्रूव्ह्यू नावाची विनामूल्य आज्ञावली नव्या साच्यातील नकाशा जुन्या साच्यात उतरवून देते. आमचा तो नकाशा त्याच दिवशी उघडला. येथे हेही सांगितले पाहिजे की २०१८ चा साचा पुढे २०२५ क्रमांकाच्या आवृत्तीपर्यंत बदललेला नाही. म्हणजे दरवर्षी नवी आवृत्ती घेतली नाही म्हणून कोणी दरवर्षी मागे पडत नाही.

नगरपालिकेला काय लागते, अशी विचारणा अनेकांनी केली. येथील नियोजन परवानगीसाठी नकाशे पीडीएफ स्वरूपात पाठविता येतात. जागेचा नकाशा सामान्यतः १:१२५० या प्रमाणात असावा, उत्तर दिशा दाखविलेली असावी, हद्द लाल रेषेने आखलेली असावी, अशा अटी असतात. तो कोणत्या वर्षीच्या आवृत्तीत काढला, असे कोणी विचारीत नाही. लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाचे घर आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तेथे राहिले. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ साली घेतले. त्या घराचे संग्रहालय करण्याचा अर्ज कॅम्डन नगरपालिकेने २०१८ साली नाकारला आणि मार्च २०२० मध्ये अपिलात परवानगी मिळाली. तेथे वाद झाला तो वास्तूच्या वापराचा. आपल्याही अर्जात अडचण आलीच तर ती गाड्या उभ्या करण्याच्या जागेची आणि शेजाऱ्यांच्या झोपेची असेल.

आता आमच्या वास्तुविशारद कन्येचे म्हणणे. ते आम्ही तिच्याच शब्दांत सांगतो. ती म्हणाली, "काका, एक खिडकी सरकवली की मला ती तळनकाशात सरकवावी लागते, दर्शनी चित्रात सरकवावी लागते, छेदात सरकवावी लागते. एका ठिकाणी विसरले तर सुतार मला विचारणार. रेव्हिटमध्ये खिडकी एकदाच सरकते." हे शंभर टक्के खरे आहे. रेव्हिट ही २००० साली निघालेली आणि २००२ पासून ऑटोडेस्ककडे असलेली आज्ञावली रेषा काढीत नाही, इमारतीची प्रतिकृतीच उभी करते. नकाशे त्या प्रतिकृतीतून निघतात. ब्रिटिश सरकारने एप्रिल २०१६ पासून केंद्रीय खर्चाच्या सार्वजनिक बांधकामांना अशी कार्यपद्धती सक्तीची केली. रुग्णालयाच्या इमारतीला ती हवीच. तेथील छताच्या पोकळीतून जाणाऱ्या नळांचा आणि तारांचा गुंता आम्ही रोज पाहतो. पण आपले सभागृह एकमजली आहे. एक दालन, दोन वर्गखोल्या, स्वयंपाकघर, आणि व्हीलचेअर आत वळू शकेल असे २२०० बाय १५०० मिलिमीटरचे स्वच्छतागृह. हे माप जुन्या आवृत्तीत काढले काय, नव्या आवृत्तीत काढले काय, तेवढेच भरते.

आणि रेव्हिटच्या बाबतीत एक अडचण अशी आहे की तिचे दार एकाच बाजूला उघडते. नव्या आवृत्तीत साठविलेली फाईल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, आणि जुन्या आवृत्तीच्या स्वरूपात परत साठविताही येत नाही. आज ही मुलगी आपल्याजवळ आहे. उद्या नोकरीनिमित्त ती दुसऱ्या शहरी गेली, आणि जावेच, तर वर्गणी कोण भरणार आणि ती फाईल कोण उघडणार? छताला गळती लागली की नकाशा लागतो. तेव्हा येथे बसलेल्यांपैकी किती जण असू?

या संदर्भात नागपूरची दीक्षाभूमी पाहावी. वास्तुविशारद शिवदानमल यांनी आराखडलेल्या तेथील स्तूपाचे काम १९७८ साली सुरू झाले आणि १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. काम सुरू झाले तेव्हा ऑटोकॅडचा जन्मही झाला नव्हता; तो डिसेंबर १९८२ चा. स्तूप पुरा होईतो तिच्या डझनाहून अधिक आवृत्त्या येऊन गेल्या होत्या. इमारतीचे आयुष्य आणि आज्ञावलीचे आयुष्य यांची ही तफावत आहे.

क्ष-किरणांच्या चित्रांबाबत आमच्या व्यवसायाने ही गोष्ट वेळीच ओळखली. १९९३ पासून डायकॉम नावाचे प्रमाण आहे, त्यामुळे एका कंपनीच्या यंत्रावर काढलेले छातीचे चित्र दुसऱ्या कंपनीच्या पडद्यावर दिसते. नकाशांना इतके सर्वमान्य प्रमाण लाभलेले नाही. तरी डीएक्सएफ हे कंपनीनेच जाहीर केलेले स्वरूप बहुतेक सर्व आज्ञावल्या वाचतात, आणि दीर्घकाळ जतनासाठी पीडीएफ-ए हे प्रमाण २००५ पासून उपलब्ध आहे.

एक सूचना आम्ही सरळ नाकारली, तीही सांगतो. महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या मुलांना ही आज्ञावली कंपनीकडून विनामूल्य मिळते. तिच्यावरच नकाशे काढून घ्यावेत, असे एकाने सुचविले. तो परवाना केवळ शिक्षणासाठी असतो. मुलांनी त्यावर रेव्हिट जरूर शिकावे, त्यांच्या पोटापाण्याला ते लागणार आहे. परंतु मंडळाच्या इमारतीचे काम त्यावर होणार नाही.

जुन्या प्रतीलाही पथ्य आहे. ती ज्या संगणकावर आहे त्याची विंडोज ७ ही प्रणाली. तिची सुरक्षा-दुरुस्ती जानेवारी २०२० मध्ये थांबली. म्हणून तो संगणक इंटरनेटपासून तोडून, संसर्गाच्या रुग्णासारखा वेगळ्या खोलीत ठेवला आहे. तो बंद पडला तर नव्या यंत्रावर ही आज्ञावली पुन्हा चालू करून घेणे सोपे जाईलच, अशी हमी आम्ही देत नाही.

तेव्हा उपसमितीचा ठराव असा की सभागृह पूर्ण होईतो २०१४ चीच आवृत्ती वापरावी. तो संगणक मध्येच बंद पडला, किंवा इंजिनिअरबरोबरचे काम अडले, तर ऑटोकॅड एलटी या स्वस्त, केवळ सपाट नकाशांच्या आवृत्तीची एका महिन्याची वर्गणी घेण्याचा अधिकार खजिनदारांना असावा. प्रत्येक मंजूर नकाशा डीडब्ल्यूजी, डीएक्सएफ आणि पीडीएफ-ए अशा तिन्ही स्वरूपांत दोन वेगळ्या घरी ठेवावा, आणि कागदावर छापलेला एक संच मंडळाच्या कपाटात. आमच्या वास्तुविशारद कन्येने या ठरावाला संमती दिली आहे, मात्र खिडक्या आता सरकवायच्या नाहीत या अटीवर.

छापील संच मागच्या टेबलावर मांडला आहे. चहाच्या वेळी तो ज्येष्ठांनी अवश्य पाहावा. प्रवेशाजवळ चपला काढताना टेकायला बाक ठेवावयाचा आहे. तो डाव्या भिंतीशी असावा की उजव्या, हे अजून ठरलेले नाही.

जयभीम.