तपासणीचं कलम कुठे आहे?

(व्यापारचिन्ह वकिलांच्या अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण, पाचूबंदर, वसई)



  वर्षाचा आढावा घेण्याची प्रथा आहे. तो मी आटोपता घेते, कारण बरीच वर्षं मनात साठलेलं एक आज बोलायचं आहे.

आढाव्यात व्यापारचिन्हांच्या हस्तांतराबद्दल एवढंच. १९९९च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार चिन्ह नावलौकिकासह विकता येतं, नावलौकिक वगळूनही विकता येतं. वगळून घेतलं तर सहा महिन्यांत, फार तर वाढीव मुदतीत, जाहिरातीसाठी निबंधकांकडे अर्ज करावाच लागतो. नाहीतर ते हस्तांतर अमलातच येत नाही. आपल्या तरुण वकिलांना हे पाठ आहे. माझं भांडण आहे ते चिन्ह नुसतं वापरायला देण्याच्या, म्हणजे लायसन्सच्या करारांशी.

हे करार आपणच लिहितो. रॉयल्टीवर पानंच्या पानं, वाद कोणत्या कोर्टात चालेल यावर एक अख्खं कलम, आणि माल कसा असावा, तो कोण तपासणार, यावर एक ओळ नाही!

या बंदरावरच्या काही बायका सुके बोंबील नि जवळा पाकिटात भरून विकत. पाकिटावरचं नाव रीतसर नोंदलेलं. शहरातल्या एका व्यापाऱ्याने ते पाच वर्षांसाठी वापरायला घेतलं. स्टॅम्प, नोटरी, साक्षीदार, सगळं चोख. दुसऱ्याच वर्षी त्या पाकिटात अर्धवट वाळलेला, कुबट माल जाऊ लागला. गिऱ्हाईक व्यापाऱ्याला कुठे ओळखत होतं? ते पाकीट घेऊन बाजारात या बायकांच्या टोपलीपुढे येऊन भांडायचं. त्या माझ्याकडे आल्या. मी करार उलटसुलट वाचला. रॉयल्टीचा हप्ता वेळेवर येत होता, म्हणजे कागदाच्या लेखी त्याचं काहीच चुकलं नव्हतं. ‘नाव आमचं, मग त्याला थांबवायचा हक्क आमचा का नाय?’ त्यांतल्या सर्वांत वयस्क बाईने विचारलं. शेवटी तडजोडीने नाव परत मिळालं, पण तोवर ते बाजारातून उठलं होतं. त्यांना दुसरं नाव घेऊन पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

सकाळच्या सत्रात लायसन्सवर चिन्ह वापरणाऱ्याची नोंदणी हवी की नको, यावर बरीच खडाजंगी झाली. नको म्हणणारे गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला या १९९५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाकडे बोट दाखवतात. नोंदणीवाचूनही लायसन्स चालतं, हे खरंच. पण त्याच निकालाने घातलेली अट वाचा: लोकांची फसगत होता कामा नये, आणि मालक व माल यांतला व्यापारी संबंध तुटता कामा नये. आणि नोंदणीला गेलात तर १९९९च्या कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे मालकाचं वापरावर नियंत्रण किती, हे प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं लागतं. त्या बायकांचा करार निबंधकांकडे गेला असता, तर ती रिकामी जागा कुणाच्या तरी डोळ्यांत खुपली असती. माझ्यापुरता वाद तिथेच मिटतो. शिवाय गुणवत्तेची अट पाळली जात नसेल तर कलम ५० खाली ती नोंद रद्द होऊ शकते. पण अट आधी लिहिलेली तर हवी!

गोल्ड स्पॉट हे शीतपेय आठवतं का? १९९३ मध्ये पार्लेच्या चौहानांनी ते थम्स अप, लिम्कासोबत कोका-कोलाला विकलं, आणि पुढे फँटा आल्यावर ते दुकानांतून नाहीसं झालं. माझ्या पिढीला अजून त्याची चुटपुट लागते. पण ते विकलेलं नाव होतं, विकत घेणाऱ्याने त्याचं काय करायचं ते त्याने ठरवलं. या बायकांनी तर नाव विकलंही नव्हतं.

आपल्याच जिल्ह्यातल्या डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे. ते कायद्याने विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, लायसन्सवरही देता येत नाही. खासगी नावाला तसं कुंपण नाही. ते आपल्यालाच करारात घालावं लागतं.

मराठीत लायसन्सचा एक नमुना करार तयार व्हावा, अशी माझी इच्छा आहे. समिती नेमू, कोण, कधी, ते कार्यकारिणीत ठरवू. कोळीवाड्यांत जाऊन सल्ला देण्याचंही मनात आहे. तोवर तपासणीचं कलम नसलेल्या करारावर मी माझ्या पक्षकाराला सही करू देणार नाही, समोर कितीही मोठा वकील असो. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी दुपारच्या खुल्या सत्रात स्वतः लिहिलेला एक करार घेऊन यावं. आपण तो सगळ्यांसमोर वाचू.