सौरदिव्यामागील विद्युत्‌घट



परभणी जिल्ह्याला साठवणुकीचे महत्त्व निराळे सांगावयास नको. पाऊस चार महिन्यांचा आणि गरज बारा महिन्यांची, म्हणूनच जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण बांधले गेले. विजेचेही तसेच आहे. ऊन दिवसा मिळते, दिवा मात्र रात्री लागतो. दिवसाची वीज रात्रीपर्यंत राखून ठेवण्याचे काम विद्युत्‌घट, म्हणजेच बॅटरी करते.

पुन्हा पुन्हा भारित करता येणारा शिशाचा घट गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली तयार केला. आजही ट्रॅक्टरपासून घरच्या इन्व्हर्टरपर्यंत तोच घट काम करतो. परंतु तो जड असतो आणि उष्णता त्याला मानवत नाही. तापमान सुमारे दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते. मे महिन्यात परभणीचा पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, हे येथे ध्यानी घ्यावे.

गावातील सौर पथदिवा बंद पडला, की सौरऊर्जेलाच दोष दिला जातो. वस्तुतः सौर पॅनेल वीस-पंचवीस वर्षे टिकते; थकतो तो घट, आणि तोही बहुधा चार-पाच वर्षांत. म्हणून ग्रामपंचायतीने दिवे बसवितानाच नव्या घटांसाठी अंदाजपत्रकात तरतूद करावी. घट सावलीत व हवेशीर जागी ठेवावा, त्याची टोके स्वच्छ ठेवावीत आणि ज्या घटात पाणी घालावे लागते त्यात केवळ डिस्टिल्ड वॉटरच घालावे.

१९९१ साली लिथियम-आयन घट बाजारात आला. वजनाने हलका असलेला हा घट आता फवारणी पंपातही दिसू लागला आहे. त्याच्या शोधाबद्दल तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मिठातील सोडियम वापरून स्वस्त घट बनविण्याचे प्रयत्नही जगभर चालू आहेत. असे प्रगत घट देशातच तयार व्हावेत यासाठी केंद्र शासनाने २०२१ साली १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली.

जुना घट मात्र उकिरड्यावर टाकू नये. शिसे माती व पाण्यात मिसळते आणि लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेले घट गोळा करून त्यांवर पुनर्प्रक्रिया करविण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवा घट घेताना जुना विक्रेत्याकडे परत द्यावा, एवढी शिस्त प्रत्येक ग्रामपंचायतीने व शाळेने अंगी बाणविली, तर गावात उजेड राहील आणि विहिरीचे पाणीही निर्धोक राहील.